मिरजगावकर अण्णांची हळवी पेटी

नगरच्या तोफखाना भागात राहणारे नृसिंह मिरजगावकर दिवसा कचेरीत कारकुनी करत आणि उरलेल्या वेळात पेटी वाजवत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वडील कीर्तनकार, त्यामुळे पेटी घरातच होती आणि मुंज व्हायच्या आत अण्णांची बोटं तिच्यावर फिरायला लागली होती. बोटं चांगली होती, यात वाद नाही. पण ज्यांचे गळे चांगले, ते गवई आपापले साथीदार बरोबर घेऊन यायचे. नगरात उरायचे ते हौशी. कुणी निवृत्त मामलेदार, कुणी हेडमास्तर, कुणी डॉक्टरांच्या सौभाग्यवती, कुणी भुसार मालाचे अडते. या मंडळींना वर्षातून एकदा तरी गाण्याची उबळ यायची, आणि ती आली की पहिलं बोलावणं अण्णांना जायचं.

त्याला कारण होतं. गाणारा काळी दोनमध्ये सुरू होऊन घसरत घसरत पांढरी एककडे निघाला, तर दुसरा पेटीवाला थांबला असता, खाकरला असता, निदान भुवई तरी उचलली असती. अण्णा त्याच्या मागोमाग अलगद घसरायचे. गाणाऱ्याला वाटायचं, आपण जागेवरच आहोत. चेहऱ्याचं म्हणाल तर चुन्याची भिंत बरी. भिंतीला निदान ओल आल्यावर पोपडे धरतात. आणि गाणं संपलं की, काहीही झालेलं असो, अण्णा पेटीचा भाता लावत एकच वाक्य बोलायचे, "आज काही वेगळंच लागलं होतं." या वाक्यावर मामलेदारही खूश व्हायचे आणि डॉक्टरीणबाईही.

अण्णांच्या बोटांकडे मात्र कुणी पाहिलं नव्हतं. जे तोंडाने बोलायचं नाही आणि चेहऱ्यावर दाखवायचं नाही, ते सगळं खांद्यातून, कोपरातून उतरून बोटांत जमा झालं होतं. मामलेदारांचा तार सप्तकातला षड्ज फुटला की अण्णा ढेकूण चिरडावा तशी पट्टी दाबायचे. साध्या पेटीला त्याचं काही वाटत नाही. तिचा आवाज भात्यातून येतो. पट्टीवर पीस ठेवा नाहीतर गुडघा ठेवा, आवाज तेवढाच. म्हणून साथीला जायला लागल्यापासून चोवीस वर्षं अण्णांनी मनसोक्त चिरडलं आणि जगाला पत्ता लागला नाही. वर्षाकाठी पेटीच्या तीन-चार स्प्रिंगा तुटायच्या, तेव्हा दुरुस्ती करणारा म्हणायचा, हवा दमट आहे. नगरची हवा दमट असल्याचं मत असलेला तो एकटाच माणूस असावा.

त्र्याहत्तर सालच्या पावसाळ्यात अण्णांचा रेडिओ बंद पडला. कुणीतरी सांगितलं, केडगावात पुणे रस्त्याला गोरक्ष पाखरे म्हणून आहे, हात चांगला आहे. हा गोरक्ष मूळचा तिसगावचा, शेतकऱ्याघरचा. पण बैलांशी त्याचं कधी जमलं नाही. पलटणीत आठ वर्षं बिनतारी यंत्रांवर काढून तो परत आला आणि पत्र्याच्या एका गाळ्यात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. अण्णा सायकलच्या कॅरियरला रेडिओ बांधून तिथं पोचले, तेव्हा गोरक्ष एका विचित्र वस्तूवर वाकून बसला होता. जुन्या पेटीच्या पट्ट्या, त्या करड्या रंगाच्या लोखंडी खोक्यावर बसवलेल्या, खालून वायरींचं शेपूट, आणि शेपटाच्या टोकाला एक स्पीकर.

"हे काय?" अण्णांनी विचारलं.

"पेटी हाय. भात्याबिगर."

अण्णा पेटीवाले आहेत हे कळल्यावर गोरक्षने रेडिओ बाजूला सारला आणि त्यांना स्टुलावर बसवलं. "रेडिओवर गानी ऐकता ना अण्णा? त्यात आता विजंची पेटी वाजवत्यात. आवाज झ्याक असतो. पन खोड अशी, की बोट ठिवलं की वाजती आन उचललं की गप. हळू ठिवा न्हाईतर कुदळीनं हाना, आवाज तेवढाच. दिव्याचं बटन आन ती, काय फरक? म्हनलं, बोटाचं ऐकंल अशी पेटी पायजे."

लष्कराच्या भंगाराच्या लिलावात त्याला पोतंभर मोडके टेलिफोन मिळाले होते. टेलिफोनच्या बोलायच्या बाजूला कोळशाच्या बारीक कणांची एक चपटी डबी असते. ती दबली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज जास्त जाते. गोरक्षने प्रत्येक पट्टीखाली अशी एकेक डबी बसवली होती. जेवढा दाब, तेवढा आवाज. शिवाय सगळ्या पट्ट्या मिळून दोन स्प्रिंगांवर तोलल्या होत्या, त्यामुळे बोट दाबून ठेवून जरा डावी-उजवीकडे हलवलं की सूर थरथरायचा. एका वेळी एकच सूर निघायचा. दोन पट्ट्या दाबल्या तर पेटी गोंधळून वरचाच वाजवायची.

"पन वाजवनारा मानूस गावंना," गोरक्ष म्हणाला. "बँडवाला आनला हुता. त्यो म्हनला, ह्याला फुंकायचं कुठनं."

अण्णांनी मांडी सावरली आणि चोवीस वर्षांच्या सवयीने पहिली पट्टी दाबली.

जो आवाज निघाला त्याला सूर म्हणता आलं नसतं. समोरच्या गोठ्यातल्या म्हशीने मान वर केली आणि हंबरून उत्तर दिलं. फळीवरचा एक दुरुस्त झालेला रेडिओ खाली पडून पुन्हा नादुरुस्त झाला. गोरक्ष कान चोळत अण्णांच्या बोटाकडे बघत राहिला.

"अण्णा, तुमचं कुनाशी भांडान झालंय का?"

"नाही बुवा."

"मंग ही पट्टी हाय का कुनाची मान हाय?"

अण्णांनी बोट उचललं आणि डाग लागल्यासारखं धोतराला पुसलं. आपण काय करतो ते त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा त्यांनी इतकं हळू दाबलं की काहीच वाजलं नाही. तिसऱ्यांदा थोडं जास्त, आणि मग तो सूर आला. लांबून बासरी ऐकू यावी तसा. अण्णांनी बोटाचा भार किंचित वाढवला तर तो फुलला. भार काढत आणला तर दार न आपटता जाणाऱ्या पाहुण्यासारखा निघून गेला. त्यांनी बोट जरासं डोलवलं आणि सूर डोलला. गाणाऱ्याचा गळा करतो ते सगळं बोटाखाली होत होतं. अण्णांनी वडिलांच्या कीर्तनातली एक साधी चाल धरली, आणि ती वाजवताना त्यांना वाटलं, ही चाल आपण जन्मभर नुसती मोजत होतो, म्हटली आजच. ते दोन तास उठले नाहीत. उठले ते सायकलवर बसून थेट घरी आले आणि दारात आल्यावर आठवलं, की रेडिओ केडगावातच राहिला.

मग दर रविवारी सायकल केडगावला जायला लागली. दसऱ्यापर्यंत अण्णांची बोटं माणसाळली आणि दिवाळीच्या सुट्टीत गोरक्षने पेटी रियाजासाठी त्यांच्या घरी आणून ठेवली.

घरी इंदूताई होत्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. या बावीस वर्षांत कुठल्याही स्वयंपाकाविषयी अण्णांकडून त्यांना दोनच उत्तरं मिळाली होती, 'छान' आणि 'छानच'. या दोहोंत फरक काय, हे शोधण्याचा नाद त्यांनी पहिल्या दिवाळसणातच सोडला होता.

त्या संध्याकाळी अण्णा पंचमावर बोट ठेवून बसले होते. आतून इंदूताईंनी सहज विचारलं, "सकाळची आमटी कशी झाली होती हो?"

"छान," अण्णा म्हणाले.

"घ्रर्र," पेटी म्हणाली.

इंदूताई पळी हातात घेऊन बाहेर आल्या. "काय म्हणालात?"

"छान म्हणालो."

"तुम्ही नाही. ती काय म्हणाली?"

"वायर सैल झाली असेल."

इंदूताईंनी पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पेटीसमोर बसल्या. "बोट उचलू नका. राहू द्या तसंच. गूळ जास्त झाला होता का?"

पेटी मंद वाजत राहिली.

"मीठ?"

मंद.

"चिंच?"

पेटी इतकी गुरगुरली की कोनाड्यातल्या वाट्या हलल्या. इंदूताईंनी उठून वाट्या सावरल्या. मग म्हणाल्या, "बावीस वर्षं मी एवढीच चिंच घालतेय."

"छान असते," अण्णा म्हणाले, आणि पेटीने पुन्हा त्यांना तोंडघशी पाडलं.

पुढचे आठ दिवस इंदूताईंना रान मोकळं सापडलं. अण्णा रियाजाला बसले की त्या निवडायचं सूप घेऊन समोर येऊन बसायच्या. नवे पडदे. शेजारच्यांची सत्यनारायणाची पूजा. त्यांनी स्वतः विणलेला, अण्णा चार हिवाळे निमूट घालत असलेला जांभळा स्वेटर. स्वेटरला पेटीने असा आवाज काढला की इंदूताई स्वतःच दचकल्या. अण्णांनी एकदा बोट उचलून पाहिलं; इंदूताईंनी ते धरून परत पट्टीवर ठेवलं.

"शामकांत यायचा म्हणतोय," एक दिवस त्या म्हणाल्या. शामकांत म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, पुण्याला असायचा. कुणालाही कुठलीही गोष्ट समजावून सांगायला तो कधी कंटाळायचा नाही, घरातल्या माणसाला घराचा पत्तासुद्धा. "आठ दिवस राहीन म्हणतोय."

"येऊ दे की," अण्णा म्हणाले.

त्यानंतर जे वाजलं ते ऐकून खालचे भाडेकरू वर आले आणि बोळात ट्रक शिरलाय का म्हणून विचारून गेले. अण्णा मान खाली घालून बसले. इंदूताई मात्र हसायला लागल्या. "अहो, मलाही तो चार दिवसांवर सोसत नाही. बावीस वर्षं तुम्हाला तो आवडतो असं समजून मी त्याला आग्रह करतेय. चारच दिवस ये म्हणून आजच पत्र टाकते."

आणि मग, सुपातला खडा बाजूला टाकत, वर न बघता त्यांनी विचारलं, "आणि मी?"

अण्णांचं बोट पट्टीवरच होतं. आता काय वाजेल या धास्तीने ते बोट थरथरायला लागलं, आणि त्याबरोबर पेटीतून एक लांब, मऊ, कापरा सूर निघाला. तो बराच वेळ चालला. इंदूताईंचे डोळे भरून आले. त्या उठून आत गेल्या आणि त्या रात्रीच्या आमटीत चिंच नव्हती. थरथर भीतीची होती, हे अण्णांनी त्यांना कधी सांगितलं नाही. पुढेपुढे त्यांची स्वतःचीही त्याबद्दल खात्री राहिली नाही.

माघात श्रीगोंद्याहून आबासाहेबांची जीप बोलावणं घेऊन आली. आबासाहेब मोठे बागायतदार. साठ एकर ऊस, मन त्याहून मोठं. दुष्काळात त्यांनी आपल्या विहिरीवर सगळ्या गावाला पाणी भरू दिलं होतं आणि त्याच दुष्काळापायी स्वतःची एकसष्टी पुढे ढकलली होती, त्यामुळे आता बासष्टावं संपत आल्यावर एकसष्टी होणार होती. गावात त्यांना नावं ठेवणारा माणूस मिळाला नसता. एकच होतं, ते गायचे. स्वतः रचलेले अभंग, ऑइल इंजिन सुरू होताना काढतं तसल्या आवाजात. अण्णा पंधरा वर्षं त्यांच्या साथीला जात होते आणि आबासाहेब जातील त्या आळीने पेटी नेत होते.

"साधी पेटी घेतो," अण्णा जीपवाल्याला म्हणाले.

"आबासाहेबांनी सांगितलंय, विजंचीच आना. साधी आसंल तर मानूस बी नगं म्हनले."

आबासाहेबांच्या कानावर पेटीची कीर्ती गेली होती. पेटीच्या स्वभावाची गेली नव्हती. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी इंदूताईंना जुन्या दुलईच्या कापडाच्या, आत कापूस भरलेल्या चार टोप्या शिवायला सांगितल्या. बोटांच्या टोप्या. दाब कितीही आला तरी कापूस खाईल, असा हिशेब. एकसष्टीच्या दिवशी गोरक्ष जीपमध्ये शेजारी बसला होता, त्याने त्या टोप्या बघितल्या आणि श्रीगोंदा येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

"बोटांला काय झालं?" आबासाहेबांनी उतरल्या उतरल्या विचारलं.

"तवा लागला."

"चारी बोटांला?"

"मोठा तवा होता," अण्णा म्हणाले.

मांडव देवळासमोर पडला होता. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं आली होती. चार कर्णे लावले होते, एक देवळाच्या शिखराजवळ, एक शाळेवर, एक चिंचेवर आणि एक आबासाहेबांच्या माडीवर. गोरक्षने ट्रॅक्टरची बॅटरी आणवून पेटी थेट कर्ण्यांना जोडली. सत्कार झाले, नारळ झाले, भाषणं झाली. मग आबासाहेबांनी फेटा सारखा केला, डोळे मिटले आणि नवा अभंग काढला.

"देवा तुझिया मळ्यात, मीही उसाचे टिपरे..."

पहिल्या 'देवा'बरोबर अण्णांनी पट्टी दाबली. कापसामुळे बोटाखाली काय आहे ते कळेना. सूर कुठेतरी भलतीकडेच पडायला लागले. अण्णांनी एक टोपी दातांनी ओढून काढली. मग दुसरी. समोर बसलेल्या म्हाताऱ्या वाकून बघायला लागल्या, पेटीवाला बोटं खातोय की काय. चारही टोप्या मांडीवर पडल्या, त्याच वेळी आबासाहेब 'मळ्यात' या शब्दावर चढले आणि जिथं जायचं त्याच्या बरेच पुढे गेले. अण्णांच्या बोटाने जे करायचं ते केलं.

चारी कर्णे एकदम गुरगुरले. शाळेवरचे पारवे उडाले. आबासाहेबांनी डोळे उघडले.

"अण्णा, काय झालं?"

"बॅटरी," अण्णा म्हणाले.

"बॅटरी नवी हाय," मागून गोरक्ष म्हणाला. त्याला आपल्या यंत्रावर आळ आलेला खपत नसे.

आबासाहेबांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा 'मळ्यात', पुन्हा तीच गुरगुर. मांडवात कुजबुज सुरू झाली. अण्णांनी मनात सगळे देव आळवले आणि बोटाला विनवलं, पण चोवीस वर्षांचं बोट ऐकेना.

आता, आबासाहेबांना सूर कळत नसला तरी जनावर कळत होतं. चाळीस वर्षं त्यांनी बैल हाकले होते, कुठला बैल कशाला बुजतो हे त्यांना लांबून उमगायचं. त्यांनी ओळखलं, हे खोकं आपण वर गेलो की बुजतंय. तिसऱ्या वेळी ते तेवढे वर गेलेच नाहीत. गुरगुर झाली, पण कमी. चौथ्या वेळी आणखी खाली आले, नुसती कुरकुर. आबासाहेबांनी गाणं सोडून सगळं लक्ष त्या पेटीकडे लावलं आणि पाऊल चाचपत ओढा ओलांडावा तसा आवाज थोडा खाली, थोडा वर नेत राहिले. आणि एका क्षणी ते बरोबर तिथं जाऊन उभे राहिले. अण्णांचं बोट आपोआप सैल पडलं. चारी कर्ण्यांतून बासरीसारखा सूर निघाला आणि त्याच्यावर आबासाहेबांचा आवाज, जाडाभरडा पण तंतोतंत.

"देवा तुझिया मळ्यात, मीही उसाचे टिपरे. गोड निघे की तुरट, तुझे तूच पाहा बरे."

मांडव चिडीचूप झाला. पंधरा वर्षांत आबासाहेब काय गातात ते शब्द लोकांना पहिल्यांदा ऐकू आले होते. त्या शांततेत बायकांच्या बाजूने छबूबाईंचा, म्हणजे आबासाहेबांच्या मंडळींचा, काळजीचा आवाज आला, "आज ह्यान्ला बरं न्हाई का?"

कार्यक्रमानंतर पुरणपोळीची पंगत बसली. आबासाहेबांनी अण्णांचं पान आपल्या शेजारी मांडायला लावलं.  अण्णा पोळीचे तुकडे करत बसले.

"अण्णा," आबासाहेब म्हणाले, "त्या खोक्याला सूर कळतो का तुमाला कळतो?"

अण्णांनी खोटं बोलायची तयारी केली. पण हाताखाली पट्टी नसतानाही त्यांना वाटलं, आता खोटं बोललो तर कुठूनतरी गुरगुर ऐकू येणार. "मला कळतो," ते म्हणाले.

"मंजी पंधरा वर्सं मी चुकत हुतो."

"हो."

"आन तुमी सांगितलं न्हाई."

"नाही."

"लोक तर माना हालवायचे."

"आडव्या, आबासाहेब."

आबासाहेबांनी घास खाली ठेवला. वाढपी तूप घेऊन आला होता तो तिथंच थबकला. अण्णांना वाटलं, आता जीप काही मिळत नाही, सकाळची एस.टी. बघायला हवी. पण आबासाहेबांच्या मिशा हलायला लागल्या, मग पोट हलायला लागलं, आणि मग पानासकट सगळेच हलले. हसून हसून त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "मामलेदाराला बी तुमी हेच करता का?"

"त्यांना जास्त."

"ब्येस. आता असं करा, महिन्यातनं दोनदा यायचं. जीप पाठवतो. मी गातो, तुमी गुरगुरा. त्वांडानं न्हाई, पेटीनंच. त्वांडानं बोललं की मला राग येतो."

अशी ती शिकवणी सुरू झाली. आबासाहेब पूर्ण सुधारले असं म्हणणं खोटं होईल. अभंगाची पहिली ओळ त्यांना पक्की आली, दुसरी येता येता राहिली, आणि तिसरीपासून इंजिन पूर्वीसारखंच चालायचं. पण पहिली ओळ ऐकायला लोक खरोखर थांबायला लागले. ती झाली की हळूच उठायचे; आबासाहेबांना ते दिसायचं आणि चालायचंही.

नगरात ही गोष्ट पसरायला आठवडा लागला नाही. मामलेदारांनी अण्णांना बोलावणं बंद केलं. हेडमास्तर रस्ता ओलांडून जायला लागले. डॉक्टरीणबाई मात्र एक दिवस स्वतः जिना चढून आल्या, पदर खोचून पेटीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "होऊन जाऊ द्या." तासाभराने त्या उतरल्या तेव्हा डोळे लाल होते, पण गुरुवारी पुन्हा आल्या. त्यांच्यामागून एक वकील आले, मग कापड बाजारातले दोघं जण. आपल्याला खरं कुणी सांगत नाही, अशी शंका पुष्कळांच्या मनात असते. फक्त ते सांगणारं तोंड माणसाचं नसलं की ऐकायला सोपं जातं.

वर्षभरात एक घोटाळा झाला. पेटी गुरगुरेनाशी झाली. वकिलांनी जीव तोडून बेसूर गायलं तरी मंद वाजत राहिली. गोरक्षला निरोप गेला. तो हत्यारं घेऊन आला, एकेक डबी उघडून कोळसा बघितला, वायरी तपासल्या, स्प्रिंगा ताणून पाहिल्या.

"पेटी ठनठनीत हाय," तो शेवटी म्हणाला. "अण्णा, तुमाला बरं हाय ना?"

अण्णांच्या बोटांत पूर्वीसारखं काही साचत नव्हतं, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं. वकील चुकले की ते आता सरळ म्हणायचे, "इथं चुकलं." घरात म्हणायचे, "मीठ कमी आहे." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा इंदूताईंनी दार लावून घेतलं होतं, आता त्या मिठाची बरणीच पुढे सरकवायच्या.

गोरक्ष थोडा खट्टू झाला. "मंजी आता हिचा उपयोग काय?"

 अण्णांनी पेटी पुढे ओढली आणि वाजवायला लागले. साथ करायला कुणी नव्हतं, वकील घरी गेले होते. गोरक्ष हत्यारं पिशवीत भरत होता तो थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अण्णा, हे तुमी लोकांत का वाजवत न्हाई? एकटं?"

हे अण्णांना कधी सुचलं नव्हतं. ते जन्मभर कुणाच्या तरी डाव्या हाताला बसले होते.

त्या गणपतीत तोफखान्यातल्या मंडळाने त्यांना चाळीस मिनिटं दिली, दोन नकलांच्या मधली. मांडवात सव्वीस जण होते. त्यांतले काही पुढच्या नकलेसाठी जागा धरून बसले होते. अण्णा पहिल्यांदाच मधोमध बसले आणि त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. मग वाजवायला लागले. दोनदा चुकले. एकदा दोन पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि पेटी गोंधळून भलत्याच सुरावर जाऊन बसली. मग त्यांनी तो भलता सूरच धरला, हळूहळू फुलवला, डोलवला, आणि तिथून चालीला परत यायला त्यांना इतका वेळ लागला, की नकला करणारा मिशी चिकटवलेल्या अवस्थेत पडद्यामागून बाहेर येऊन ऐकत उभा राहिला.

उतरल्यावर गोरक्षने विचारलं, "कसं वाटलं?"

"दोन ठिकाणी चुकलं," अण्णा म्हणाले. "बाकी चांगलं झालं."

मग दोघांनी पेटी हातगाडीवर ठेवली, वर पोतं टाकलं, आणि नकला बघायला मागच्या रांगेत जाऊन बसले.